खेड्यात राहून स्पीडक्यूबिंग: पहिल्या क्यूबपासून पहिल्या स्पर्धेपर्यंत

रुबिक क्यूब म्हणजे रंगीत चौकोनांचा, थर फिरवता येणारा ठोकळा. तो सोडवायला, म्हणजे प्रत्येक बाजू एकाच रंगाची करायला शिकणं आणि तो वेगात सोडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम आठवड्या-दोन आठवड्यांत जमतं आणि मनावर घेतलं तर कोणालाही जमतं. दुसऱ्याला महिने लागतात, आणि त्यात बोटांच्या चपळाईपेक्षा नजरेचा वाटा मोठा आहे. आपल्याकडची पोट्टी मोबाइलवर पाच-सात सेकंदांचे व्हिडिओ पाहतात आणि पहिल्याच दिवसापासून क्यूब करकरा फिरवायला लागतात. मग दोन मिनिटांवर गाडी अडते ती अडूनच राहते. गावात या खेळाचा क्लास नाही, विचारायला कोणी नाही, म्हणून बरीचशी तिथंच सोडून देतात. त्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या घरच्या मोठ्यांसाठीही हे लिहितो आहे.

हा क्यूब १९७४ मध्ये बुडापेस्टमधल्या एर्नो रुबिक या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकाने बनवला. १९८२ मध्ये त्याच शहरात पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या मिन्ह थाई या अमेरिकन तरुणाची वेळ होती २२.९५ सेकंद. २०२३ मध्ये अमेरिकेच्याच मॅक्स पार्कने ३.१३ सेकंदांत क्यूब सोडवला. माणसाची बोटं चाळीस वर्षांत काही बदलली नाहीत. बदलले ते क्यूब आणि सोडवण्याच्या पद्धती. चांगला क्यूब आज काही शे रुपयांत मिळतो आणि पद्धती फुकट आहेत, म्हणून विदर्भातल्या दर्यापूर-दारव्ह्याकडच्या मुलाला या खेळात पुण्याच्या मुलापेक्षा फारसं कमी काही मिळत नाही.

क्यूब कोणता घ्यायचा

जत्रेत किंवा आठवडी बाजारात मिळणारा स्टिकरचा क्यूब शिकायला चालतो, वेगासाठी चालत नाही. फरक असा तपासा: वरचा थर थोडा तिरका ठेवा आणि उजवी बाजू फिरवून बघा. बाजारातला क्यूब अडकून बसेल. चांगला स्पीडक्यूब थर सरळ नसतानाही वळतो. घाईत कोणाचेच थर नेमके सरळ बसत नाहीत, त्यामुळे वेगात हाच गुण सर्वांत उपयोगी पडतो.

मोयू आणि चीयी या चिनी कंपन्यांचे साधे स्पीडक्यूब दोन-तीनशे रुपयांपासून मिळतात. आत चुंबक असलेले साधारण पाचशे ते हजारात येतात. चुंबकामुळे प्रत्येक थर आपल्या जागी हलकासा ओढला जातो आणि हात कमी घसरतो. झेपत असेल तर चुंबकाचाच घ्या, पण हजारो रुपयांच्या मॉडेलच्या नादी आत्ता लागू नका. स्टिकरचा घेण्यापेक्षा रंगीत प्लॅस्टिकचा, म्हणजे स्टिकरलेस घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्टिकरचा गोंद सुटतो आणि कोपरे उलटायला लागतात. ऑनलाइन मागवताना आपला पिनकोड टाकून आधी बघा. गावापर्यंत कुरिअर येत नसेल तर तालुक्याच्या गावातल्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्या.

आधी क्यूब ओळखा

क्यूबला फिरणारे तुकडे २० असतात: दोन रंगांचे १२ कडेचे आणि तीन रंगांचे ८ कोपऱ्याचे. प्रत्येक बाजूचा मधला तुकडा मात्र जागा सोडत नाही. मध्ये पांढरा असेल तर ती बाजू पांढरीच होणार. पांढऱ्यासमोर पिवळा, लालसमोर नारिंगी, निळ्यासमोर हिरवा, हे पाठ करा. एकेक चौकोनी रंग जमवायला जाऊ नका, तुकडा जमवा. पांढरा-लाल तुकडा एकच आहे आणि त्याची जागाही एकच. एवढं डोक्यात बसलं की अर्ध काम झालं.

अंदाजाने फिरवत राहिलं तर क्यूब आयुष्यात सुटणार नाही. त्याच्या एकूण मांडण्या ४ लाख ३२ हजार कोटी कोटींहून जास्त आहेत. आणि तरीही कोणतीही मांडणी जास्तीत जास्त २० चालींत सुटते, हे २०१० मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध झालं आहे.

चालींची नावं जगभर सारखीच आहेत, ती तशीच शिका. उजवी बाजू आर, डावी एल, वरची यू, खालची डी, समोरची एफ, मागची बी. नुसतं अक्षर असेल तर त्या बाजूकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने एक पाव फेरा. पुढे ′ खूण असेल तर तोच फेरा उलटा, तिला प्राइम म्हणतात. पुढे २ असेल तर अर्धा फेरा.

नवीन, सोडवलेल्या क्यूबवर पहिला सराव हा करा: आर, यू, आर′, यू′. या चार चाली लागोपाठ सहा वेळा केल्या की क्यूब बिघडत बिघडत जातो आणि पुन्हा जसाच्या तसा होतो. तो झाला नाही तर कुठंतरी चाल चुकली आहे. दोन दिवस दुसरं काही करू नका, हेच करा. पुढचं बरंच काम या चार चालींवर चालतं.

थराथराने सोडवणं

पहिल्यांदा पिवळ्या मधल्या तुकड्याभोवती चार पांढरे कडेचे तुकडे गोळा करा. मग त्यातल्या प्रत्येकाचा दुसरा रंग बाजूच्या मधल्या तुकड्याशी जुळवा आणि ती बाजू अर्धा फेरा फिरवा. तुकडा पांढऱ्या बाजूला उतरतो. चारही उतरले की पांढरा क्रॉस तयार. आता पांढरी बाजू खाली धरा, शेवटपर्यंत ती खालीच राहील.

वरच्या थरात पांढरा रंग असलेला कोपरा शोधा आणि तो त्याच्या जागेच्या बरोबर वर, समोर उजवीकडे आणा. आर, यू, आर′, यू′ करत राहा, कोपरा नीट बसला की थांबा. एकदा, तीनदा किंवा पाचदा करावं लागेल. कोपरा खालीच चुकीचा बसला असेल तर याच चालींनी तो आधी वर काढा.

मधल्या थरासाठी पिवळा नसलेला कडेचा तुकडा वरून समोरच्या रंगाशी जुळवा. तो उजवीकडे उतरवायचा असेल तर: यू, आर, यू′, आर′, यू′, एफ′, यू, एफ. डावीकडे: यू′, एल′, यू, एल, यू, एफ, यू′, एफ′. ही दोन सूत्रं, म्हणजे ठरलेल्या चालींच्या माळा, एकमेकांची आरशातली रूपं आहेत, म्हणून एकच पाठ करा आणि दुसरं हाताला शोधू द्या.

वर पिवळा क्रॉस आणायला: एफ, आर, यू, आर′, यू′, एफ′. वर पिवळी आडवी रेघ असेल तर एकदाच पुरतं. पिवळा काटकोन असेल तर तो मागे आणि डावीकडे धरून करा, रेघ येईल. नुसता ठिपका असेल तर आणखी एकदा जास्त.

आता पिवळ्या कडांचे बाजूचे रंग जुळवा. वरचा थर फिरवून बघा, किमान दोन तरी जुळतील. ते शेजारी असतील तर मागे आणि उजवीकडे धरा आणि करा: आर, यू, आर′, यू, आर, यू२, आर′, यू. समोरासमोर असतील तर कसाही धरून एकदा करा, शेजारी येतील. कोपरे आपापल्या जागी न्यायला: यू, आर, यू′, एल′, यू, आर′, यू′, एल. आधीच जागेवर असलेला कोपरा समोर उजवीकडे धरा. एकही जागेवर नसेल तर एकदा करून मग शोधा.

शेवटच्या पायरीवर जवळपास सगळे फसतात, म्हणून इथं जरा थांबतो. कोपरे जागेवर आहेत, पण काहींचा पिवळा रंग बाजूला वळलेला आहे. असा एक कोपरा समोर उजवीकडे, वरच्या थरात धरा. आर′, डी′, आर, डी. पिवळा वर येईपर्यंत हेच, दोनदा किंवा चारदा. मध्येच खालचे थर पार विस्कटलेले दिसतात. इथं मुलं घाबरतात आणि हातचं सोडून क्यूब उलटासुलटा करून बघतात. तसं करू नका. पहिला कोपरा झाला की सगळा क्यूब न वळवता फक्त वरचा थर फिरवा आणि पुढचा बिघडलेला कोपरा त्याच जागी आणा. पुन्हा तेच. दुसरी चूक याहून बारीक असते: पिवळा वर दिसला की शेवटचा डी करायचा राहून जातो. चारही चाली पूर्ण झाल्याशिवाय वर बघायचंच नाही, अशी सवय लावा. शेवटचा कोपरा बसला की विस्कटलेला सगळा पसारा आपोआप जागेवर येतो. पहिल्यांदा हे घडताना मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

सगळं बरोबर करूनही एकच कोपरा वळलेला राहिला, तर दोष तुमचा नाही. क्यूब पडून किंवा ओढाताणीत तो कोपरा जागेवरच पिळला गेला आहे. अशी स्थिती कोणत्याही सूत्राने सुटत नाही. सराव करताना कोपरा हाताने पिळून सरळ करा. याच कारणाने क्यूब सुटा करून मनाला येईल तसा जोडू नका. तसा जोडलेला क्यूब सुटण्याची शक्यता बारात एक असते. जोडताना सोडवलेल्या स्थितीतच जोडा.

नेट नसेल तर

ही सगळी सूत्रं वहीत एका पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि ते पान भिंतीला चिकटवा. व्हिडिओ जिथं नेट मिळेल तिथं एकदा उतरवून घ्या. इंग्रजी येत असेल किंवा नुसते हात बघून समजत असेल, तर यूट्यूबवरचं जे पर्म हे चॅनल मला सर्वांत नीट वाटतं. वेळ मोजायला सीएसटायमर ही फुकट वेबसाइट आहे. एकदा उघडली की ती नेट नसतानाही चालते, विस्कटण्याच्या चाली देते आणि पाच-पाच, बारा-बारा सॉल्व्हची (एकदा पूर्ण सोडवणं म्हणजे एक सॉल्व्ह) सरासरीही काढते.

शक्यतो दिवसाउजेडी सराव करा. पिवळ्या बल्बखाली पांढरा-पिवळा आणि लाल-नारिंगी यांत गफलत होते आणि नवशिक्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. एखादं पोर उजेडातही लाल-हिरव्यात गोंधळत असेल तर त्याला रंग ओळखायची अडचण असू शकते. त्याला रागावू नका. वेगळ्या रंगांचे स्टिकर लावून तो छान खेळू शकतो.

सरावाला सर्वांत चांगला काळ म्हणजे आपला उन्हाळा. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात. मे महिन्यात सकाळी अकरा ते पाच कोणी घराबाहेर पडत नाही. त्या वेळात दिवसाला अर्धा-पाऊण तास पुष्कळ झाला. चार तास सलग बसू नका, मनगट दुखायला लागतं आणि घरच्यांचंही बरोबर असतं, “काय घेऊन बसला बाप्पा हे दिवसभर!” शक्य असेल तर गावातलं आणखी एखादं पोर सोबत घ्या. एकाने विस्कटायचं, दुसऱ्याने सोडवायचं, यात शिकण्याचा वेग खूपच वाढतो.

वेग कुठून येतो

आता मुद्द्याचं. वर सांगितलेल्या पद्धतीने साधारण १२० चाली लागतात असं धरा. सेकंदाला दोन चाली म्हणजे अगदी निवांत हात. त्या गतीने १२० चाली ६० सेकंदांत संपायला हव्यात. तुम्हाला अडीच मिनिटं लागत असतील तर उरलेली नव्वद सेकंदं हात थांबलेला होता आणि डोळे तुकडा शोधत होते. म्हणजे हात आणखी जोरात फिरवून फायदा नाही, कमी करायचे ते हे थांबे.

म्हणून सराव हळू करायचा. टायमर बंद ठेवा. हात इतका संथ फिरवा की एक तुकडा बसवत असतानाच पुढचा तुकडा कुठं आहे हे दिसायला लागेल. डवरणी करणारा, म्हणजे पिकात डवरा चालवणारा माणूस त्याच्या पासेकडे, म्हणजे पात्याकडे बघत नाही, त्याची नजर पुढच्या ओळीवर असते. तसंच इथं. पाठ झालेलं सूत्र हात करतोच, त्याच्याकडे बघायची गरज नसते, तेवढा वेळ डोळे मोकळे असतात. रोज पाच-दहा सॉल्व्ह असे संथ, न थांबता करा आणि मगच टायमर लावा. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटेल आणि शेजारचं पोर तुमच्यापुढे जातंय असंही वाटेल. महिन्याभराने वेळा पुन्हा ताडून बघा.

बोटांची सवयही आत्ताच लावा, नंतर मोडणं कठीण जातं. दोन्ही अंगठे समोरच्या बाजूवर, मधली बोटं मागे. यू फिरवायला अख्खा हात उचलू नका, उजव्या तर्जनीने ढकला. यू′ डाव्या तर्जनीने. यू२ साठी तर्जनी आणि लगेच मधलं बोट. आर साठी मनगट वळवा, पकड सोडू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली असतात, तेव्हा दोन-चार दिवस नुसतं बघण्याचा सराव केला तरी चालतो: क्यूब विस्कटा, हात न लावता क्रॉस कसा होईल ते मनात सोडवा.

पुढची पद्धत

एक मिनिटाच्या आत नेमाने यायला लागलात की सीएफओपी शिका. जेसिका फ्रिड्रिच या चेक वंशाच्या विदुषीमुळे ही पद्धत जगभर पसरली आणि आजही बहुतेक वेगवान खेळाडू हीच वापरतात. हिच्यात चार टप्पे आहेत. क्रॉस थेट खालच्या बाजूला करायचा, पिवळ्याभोवती गोळा न करता. तो कोणत्याही स्थितीतून जास्तीत जास्त आठ चालींत होतो. दुसऱ्या टप्प्यात पहिले दोन थर एकाच वेळी होतात: कोपरा आणि त्याचा कडेचा तुकडा यांची जोडी वर जमवायची आणि एकत्र खाली उतरवायची, अशा चार जोड्या. तिसऱ्यात वरची बाजू सगळी पिवळी करायची, चौथ्यात वरचे तुकडे जागेवर न्यायचे. एकूण चाली साठाच्या आसपास येतात, म्हणजे जवळपास निम्म्या.

तिसऱ्या टप्प्याची पूर्ण सूत्रं ५७ आणि चौथ्याची २१ आहेत. आकडा बघून दचकू नका. प्रत्येक टप्पा दोन भागांत केला तर दहा आणि सहा अशी सोळाच सूत्रं पुरतात आणि तेवढ्यावर तीस सेकंदांच्या आत येता येतं. माझं मत विचाराल तर सूत्रं मागे ठेवा आणि आधी जोड्यांवर वेळ घाला. त्या पाठ करू नका, समजून जमवा. सर्वांत जास्त वेळ तिथंच वाचतो. मग २१ पूर्ण करा, ५७ सवडीने.

क्यूबची निगा

कापूस घरात साठवलेला असला की त्याचे बारीक तंतू क्यूबमध्ये जातात आणि आतल्या तुकड्यांभोवती गुंडाळले जातात. क्यूब जड लागायला लागला की एक बाजू अर्धवट फिरवून कडेचा तुकडा हळूच उचका, बाकीचे मग सहज निघतात. तंतू चिमट्याने काढा. तुकडे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. नंतर क्यूबसाठी मिळणारं सिलिकॉन ल्युब दोन थेंब पुरे. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल किंवा गाडीचं ऑइल घालू नका. खोबरेल धूळ धरून घट्ट होतं, पेट्रोलियमची तेलं प्लॅस्टिक खराब करतात. मे महिन्यात क्यूब गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली उन्हात ठेवू नका.

पहिली स्पर्धा

अधिकृत स्पर्धा वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या असतात, ही संस्था २००४ मध्ये सुरू झाली. तिच्या वेबसाइटवर भारत निवडला की पुढच्या स्पर्धांची यादी दिसते. नागपूरचं नाव आधी शोधा. नसेल तर पुणे-मुंबईसोबत हैदराबादही बघा. चंद्रपूर-वणीकडच्यांना बल्लारशाहवरून रेल्वेने ते मुंबईपेक्षा बरंच जवळ पडतं. नोंदणी ऑनलाइन होते आणि जागा लवकर भरतात, म्हणून उघडण्याची तारीख लिहून ठेवा. वयाची अट नाही. आठ वर्षांचं पोर आणि चाळिशीचा शिक्षक एकाच फेरीत खेळतात. किती वेगात यायला हवं असा प्रश्न सगळे विचारतात. स्पर्धेच्या पानावर दिलेल्या वेळेच्या मर्यादेत तुम्ही सोडवू शकत असाल, तर जा.

तिथं क्यूब आपलाच न्यायचा. मोबाइलला जोडणारा स्मार्ट क्यूब चालत नाही. तुमचा क्यूब विस्कटायला आत जातो आणि झाकून टेबलावर येतो. झाकण काढल्यावर बघायला १५ सेकंद मिळतात. आठव्या आणि बाराव्या सेकंदाला जज मोठ्याने सांगतो, दचकू नका. १५ सेकंद ओलांडले तर वेळेत २ सेकंद वाढतात, १७ ओलांडले तर तो प्रयत्नच बाद. सुरू करताना टायमरवर दोन्ही हात ठेवायचे, हिरवा दिवा लागला की उचलायचे. संपल्यावर क्यूब खाली ठेवून दोन्ही तळहातांनी टायमर थांबवायचा आणि मग क्यूबला अजिबात हात लावायचा नाही. एखादी बाजू ४५ अंशांहून जास्त तिरकी राहिली तर तेही २ सेकंद. घरीच आठवडाभर असाच सराव करा: क्यूब ठेवा, दोन्ही हात टेबलावर, मग उचला. हातात धरूनच मोबाइल दाबायची सवय तिथं अडचणीची ठरते.

असे पाच प्रयत्न मिळतात. सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट सोडून मधल्या तिघांची सरासरी धरतात. त्यामुळे एक प्रयत्न फसला तरी काही बिघडत नाही, दोन फसले तर मात्र बिघडतं. पहिल्या प्रयत्नात सगळ्यांचेच हात थरथरतात. तो मुद्दाम संथ करा.

पहिल्यांदा जाताना आधार कार्ड सोबत ठेवा, नाव आणि जन्मतारीख पडताळतात. निकाल वेबसाइटवर चढला की तुम्हाला कायमचा क्रमांक मिळतो: पहिल्या स्पर्धेचं वर्ष, नावातली चार अक्षरं आणि दोन आकडे. पहिल्या फेरीनंतर पुढे गेला नाहीत तरी लगेच परतीची एसटी पकडू नका. जज म्हणून बसायला आणि क्यूब टेबलापर्यंत पोचवायला तिथं माणसं कमीच असतात आणि नवख्यांनाही ते काम शिकवतात. जजच्या खुर्चीवरून एखाद्या बारा सेकंदांच्या खेळाडूचे हात हातभर अंतरावरून दिसतात. तो कुठं थांबतो, कुठं थांबत नाही, हे नीट बघा आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला विचारा. सांगायला कोणी नाही म्हणत नाही.